बालवर्गातले ऋतू: एक डबके, एक बी आणि पुष्कळ दिवस

प्रश्न असा आला आहे: “चार ते पाच वर्षांच्या २४ मुलांचा बालवर्ग मी यंदा पहिल्यांदाच घेते आहे. दर महिन्याला एक विषय ठरलेला असतो: पाऊस, थंडी, झाडे, वाहने. मी चित्रे लावते, गाणे घेते, रंगवायला कागद देते, एखादी हस्तकला करून घेते. मुले रमतात, पण आठवड्याने विचारावे तर कुणालाच काही आठवत नाही. हाताने करायचे उपक्रम ऋतूंना आणि विषयांना धरून कसे आखावेत? इतक्या मुलांना एका वेळी सांभाळायचे कसे? आणि घरी न्यायला कागद नसला की पालक विचारतात, त्यांना काय सांगू?”

ताई, आठवड्याने काही उरत नाही हे तुमच्या लक्षात आले, तिथूनच सुरुवात करू. मी बालवर्गात एकवीस वर्षे काढली. पहिली तीन-चार वर्षे माझाही वर्ग असाच चालायचा. पावसाचा महिना आला की भिंतीवर ढग, वर टांगलेले कागदी थेंब आणि अठ्ठावीस मुलांच्या अठ्ठावीस सारख्या छत्र्या. त्या छत्र्या कापायचे मी, चिकटवायच्या जागी पेन्सिलीने खुणा करायचे मी, आणि वाकड्या चिकटल्या की मुले घरी गेल्यावर सरळ करायचे तेही मीच. मुलांच्या वाट्याला काय आले, तर गोंद. तेवढेच त्यांना आठवायचे.

आता मी ऋतू शिकवायचा म्हटले की एकच गोष्ट पक्की धरते: मुलांच्या डोळ्यांसमोर बदलणारी एक खरी वस्तू निवडायची, आणि ती बदलून होईपर्यंत सोडायची नाही. पाणी आटते, पान पिवळे पडते, बी फुगते, सावली सरकते. ऋतू म्हणतात तो यातच असतो, आणि तो एका तासात, एका कागदावर दिसत नाही. मूल काल त्या वस्तूपाशी गेले, आज गेले, परवा पुन्हा गेले, तेव्हा कुठे ते म्हणते, “अरे, हे असे नव्हते!” म्हणून मी “पाऊस” असा विषय घेत नाही, “डबके” घेते. “झाडे” घेत नाही, “घेवड्याचे बी” घेते. महिना तोच, पण वर्गात येते ते हाताला लागणारे काहीतरी.

डबक्याचेच सविस्तर सांगते. पाऊस थांबला, फरशीवर किंवा सिमेंटवर पाणी साचले, की मुलांना काहीही न सांगता बाहेर न्या. पहिली दहा मिनिटे ती पाय आपटतील, काड्या बुडवतील, पाण्यात आपले तोंड बघतील. करू द्या. बदलायचे कपडे घरून आधीच मागवून ठेवलेले असावेत, म्हणजे तुमचा जीव वर-खाली होत नाही. मग दोन मुलांच्या हातात जाड खडू द्या आणि डबक्याच्या काठाकाठाने रेघ ओढायला सांगा. ओल्यावर खडू नीट उमटत नाही, म्हणून बोटभर बाहेरून, कोरड्या जागेवरून ओढायची, हे एकदा फसल्यावर त्यांचे त्यांनाच कळते. आधी सांगू नका. तासाभराने दुसऱ्या दोघांना दुसऱ्या रंगाचा खडू. जमीन मातीची असेल तर खडूऐवजी खडे मांडायचे. शाळा सुटेपर्यंत मोठ्या रेघेच्या आत धाकटी, धाकटीच्या आत त्याहून धाकटी अशी कडी दिसू लागतात.

मग विचारा, “पाणी कुठे गेले?” आणि गप्प बसा. हे गप्प बसणे आपल्याला फार जड जाते, मला अजूनही जाते. माझ्या वर्गात एकदा एक मुलगा म्हणाला, “जमिनीने प्यायले.” एक मुलगी म्हणाली, “उन्हाने नेले.” तिसऱ्याने बराच वेळ डबक्याकडे बघून सांगितले, “आपण डबा खायला गेलो ना, तेव्हा कुणीतरी पुसले.” मी कुणालाच चूक म्हटले नाही. एवढेच विचारले, “जमिनीने प्यायले का, हे कसे बघायचे?” बऱ्याच चर्चेनंतर मुलांनी ठरवले की पाणी स्टीलच्या ताटलीत ठेवायचे, कारण ताटली पाणी पीत नाही. एक ताटली उन्हात, एक सावलीत. आणि पुसणारे कुणी येते का हे बघायला दोन मुले आळीपाळीने पहाऱ्यावर बसली. दुसऱ्या दिवशी उन्हातली ताटली कोरडी ठक्क होती, सावलीतल्या ताटलीत तळाशी थोडे पाणी होते. पहाऱ्यावरच्या मुलांनी साक्ष दिली की कुणीही आले नाही. “बाष्पीभवन” हा शब्द मी तोंडातून काढला नाही. पुढच्या शाळेत तो त्यांना मिळेल तेव्हा त्यामागे ताटली उभी असेल.

याच महिन्यात पाऊस मोजता येतो. सरळ उभ्या कडांची पारदर्शक बाटली घ्या, निमुळती नको. वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवा आणि कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा. या वयाला मिलिमीटर समजत नाहीत, त्यामुळे मापपट्टी आणायची गरज नाही. रोज सकाळी बाटलीतल्या पाण्याइतकी उंच कागदाची निळी पट्टी मुलांनी कापायची, वारानुसार एका ओळीत चिकटवायची आणि बाटली ओतून रिकामी करायची. पाऊस नसेल त्या दिवसाची जागा रिकामी. तीन आठवड्यांनी भिंतीवर जे तयार होते त्याला मोठी माणसे स्तंभालेख म्हणतात. मुले त्यावर बोट ठेवून सांगतात, “या दिवशी आपले बूट भिजले होते.” त्याच भिंतीवर जास्त-कमी, सर्वांत उंच, कालच्याएवढाच, हे सगळे शब्द येतात. जी मुले एरवी गप्प असतात ती इथे बोलतात, असा माझा अनुभव आहे, कारण पट्टी त्यांनी स्वतः कापलेली असते.

आता बी. किंडरगार्टन या जर्मन शब्दाचा अर्थच मुलांची बाग. शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिले. नावातली बाग त्यांना खरीखुरी हवी होती: प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक सामायिक भाग. आपल्याकडे वाफ्याएवढी जागा नसली तरी प्रत्येक मुलाचा एक पारदर्शक पेला होऊ शकतो, आणि ही स्वतःची-सामायिक विभागणी मी कधी सोडत नाही. पेल्यातले बी मुलाचे, आणि खिडकीतली मोठी कुंडी सगळ्यांची. स्वतःचे बी रुजले नाही तर मूल कुंडीपाशी जाऊन उभे राहू शकते, हा त्यातला मोठा आधार आहे.

घेवड्याचे बी मोठे असते, छोट्या बोटांना धरता येते. ते रात्रभर भिजवा, पण मूठभर कोरडे राखून ठेवा. सकाळी दोन्ही शेजारी ठेवली की मुले लगेच म्हणतात, “हे जाड झाले.” भिजलेल्या बीची साल बोटांनी सुटते, दोन दले अलग होतात आणि आत इवलीशी दोन पाने दिसतात. भिंगातून प्रत्येक मुलाला हे बघू द्या. घाई केली तर मागच्या सहा मुलांच्या वाट्याला फक्त रांग येते. मग पेल्याच्या आतून ओला टिपकागद गोल लावायचा, कागद आणि पेल्याची भिंत यांच्यामध्ये बी अडकवायचे, तळाशी थोडे पाणी. बी पाण्यात बुडले तर कुजते. साधारण तीन ते पाच दिवसांत आधी मूळ बाहेर येते. पहिले काय येणार, पान की मूळ, हे मुलांकडून आधी वदवून घ्या. बहुतेक सगळी पान म्हणतात, आणि मग मूळ दिसते त्या सकाळी पेल्यांभोवती जी गर्दी होते ती बघण्यासारखी असते. मूळ पेरभर लांब झाले की एखादा पेला आडवा करून ठेवा. एक-दोन दिवसांत मूळ पुन्हा खाली वळते.

एक पेला मी कपाटात, अंधारात ठेवते. यात मी एकदा मोठी चूक केली आहे. झाडाला ऊन लागते हे मुलांना दाखवायचे, म्हणून मी आठव्या दिवशी कपाट उघडले. अंधारातले रोप उजेडातल्यापेक्षा उंच निघाले! मुलांनी टाळ्या वाजवल्या: अंधारात जास्त वाढते. मी गोंधळले, घाईने काहीतरी समजावले आणि विषय गुंडाळला, कारण पुढचा महिना “प्राणी” होता. त्या मुलांच्या मनात चुकीची गोष्ट मी स्वतःच्या हाताने ठेवून दिली, याची रुखरुख मला अजून आहे. अंधारातले रोप उजेड शोधत लांब वाढते, बीमधल्या साठ्यावर जगते. पण ते पांढुरके-पिवळे असते, त्याचा देठ लेचापेचा असतो आणि साठा संपला की ते माना टाकते. मी आणखी दहा-बारा दिवस थांबले असते तर हे सगळे मुलांनी डोळ्यांनी पाहिले असते. वस्तू बदलून होईपर्यंत सोडू नका असे मी म्हणते ते या कपाटामुळे. महिना संपला तरी पेले राहू द्या. दोन विषय काही दिवस एकत्र नांदले तर काही बिघडत नाही.

गणित बीमध्येच सापडते. १९७८ मध्ये रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी मोजण्यामागची तत्त्वे मांडली. त्यातली तीन मी रोज डोळ्यांसमोर ठेवते: एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम तोच, आणि शेवटी आलेला अंक म्हणजे एकूण किती. वीसपर्यंत धडाधड म्हणणारे मूल सहा बिया मोजताना आठवर पोचते, कारण तोंड बोटापेक्षा वेगाने धावते. अशा मुलाला अंड्यांचा रिकामा ट्रे द्या. एका खळग्यात एक बी टाकायची आणि तेव्हाच अंक म्हणायचा. खळगा बोटाला थांबवतो. मग विचारा, “किती झाल्या?” उत्तर देण्याऐवजी ते पुन्हा एकपासून मोजू लागले, तर शेवटचा अंक म्हणजे एकूण हे अजून त्याच्या हाती आलेले नाही, एवढे ओळखायचे आणि उद्या पुन्हा ट्रे द्यायचा. ओरडायचे काही कारण नाही.

पानगळीच्या दिवसांत पिशवी घेऊन पाने गोळा करायला गेलात की परत आल्यावर एक मोह टाळा: “लाल इकडे, पिवळी तिकडे” असे गट तुम्ही सांगू नका. फक्त म्हणा, “जी एकत्र राहायला हवीत ती एकत्र ठेवा.” एका मुलीने माझ्यासमोर दोन ढीग केले. मला काही केल्या त्यांतला फरक कळेना. विचारले तेव्हा म्हणाली, “ही आवाज करतात, ही करत नाहीत.” तिने एकेक पान कानाशी धरून चुरगाळून पाहिले होते. वाळलेली आणि ओली अशी ती विभागणी होती, आणि ती तिने कानाने केली होती. मी गट आधी सांगितले असते तर ते कधीच झाले नसते. मग दहा ताजी पाने साध्या तराजूच्या एका पारड्यात आणि त्यांच्या तोलाचे खडे दुसऱ्या पारड्यात, हे तसेच आठवडाभर राहू द्या. पाने वाळत जातात तसे त्यांचे पारडे वर जाते. कुणी हात लावला का, हा वाद पुन्हा होतो, आणि व्हायलाच हवा.

पान पिवळे का पडते, हे मूल विचारते. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा रंग त्याला झाकून असतो. पानगळीच्या आधी हिरवा मोडून जातो आणि पिवळा उघडा पडतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्याच सुमारास नव्याने तयार होतो. “हिरवा गेला म्हणून पिवळा दिसला” इतके सोपे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला पुरते, आणि ते खरेही आहे. “पान म्हातारे झाले, त्याला झोप आली” वगैरे सांगू नका. मुले ते जसेच्या तसे धरून बसतात.

उन्हाळ्यात माझा सगळ्यात आवडता उपक्रम कपडे धुण्याचा. बाहुल्यांचे कपडे, रुमाल, मोजे, एखादा जाड टॉवेल, टबात थोडा साबण. चोळणे आणि पिळणे यात बोटांची जी ताकद वाढते ती पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. दोघांनी टॉवेलची दोन टोके धरून उलट दिशांना पीळ घालणे तर बघत राहावे असे असते. दोरी मुलांच्या खांद्याच्या उंचीवर बांधा, चिमटे त्यांनीच लावायचे. एक मोजा उन्हात, त्याचा जोडीदार सावलीत. एक रुमाल पसरून, एक बोळा करून. कोण आधी वाळेल? दर थोड्या वेळाने जाऊन गालाला लावून बघायचे. पावसाळ्यातल्या ताटल्या इथे मुलांना आपसूक आठवतात, मी आठवण करून देत नाही.

सावलीचेही असेच. मूल सकाळी एका खुणेवर उभे राहते, दुसरे त्याची सावली खडूने आखते. दुपारी त्याच खुणेवर पुन्हा उभे राहायचे. सावली आखूड झालेली असते आणि सरकलेलीही. “मी छोटा झालो का?” असे एकाने फार काळजीने विचारले होते, त्याला भिंतीपाशी नेऊन उंची मोजून दाखवावी लागली. सूर्याकडे थेट बघायचे नाही, हा नियम मात्र पहिल्या मिनिटालाच सांगून ठेवावा.

थंडीत बर्फ. एका भांड्यात पाणी आणि त्यात पाने, काड्या, मोठे खेळणे घालून रात्रभर गोठवा. तो गोळा परातीत ठेवून आतली वस्तू सोडवायला सांगा. कोमट पाणी, ड्रॉपर, चमचा, कापड. मुले फुंकर घालतील, हात ठेवतील, कापडात गुंडाळतील. कापडात गुंडाळला तर लवकर वितळेल असे जवळजवळ सगळ्यांना वाटते, कारण त्यांना स्वतःला पांघरुणात ऊब मिळते. एक गोळा गुंडाळून, एक उघडा ठेवून बघू द्या. गुंडाळलेला मागे राहतो, कारण बाहेरची ऊब कापड आत जाऊ देत नाही. त्यावर त्यांचे चेहरे काय होतात ते पाहायला थांबा. बर्फावर मीठ टाकायचा प्रयोग सगळीकडे सुचवतात. बर्फ आणि मीठ एकत्र आले की तापमान शून्याच्या बरेच खाली जाते आणि ते मिश्रण हातात धरून ठेवले तर कातडीला इजा होते. त्यामुळे मीठ मी स्वतः टाकते आणि मुलांनी हात लावायचा नाही. याच दिवसांत लोखंडी कडी आणि लाकडी दार यांना गाल लावून बघता येतो. दोन्ही एकाच थंडीत असतात, तरी कडी जास्त गार लागते, कारण लोखंड गालाची ऊब भराभर ओढून घेते.

वाऱ्याला फार काही लागत नाही. काठीला बांधलेल्या रिबिनी, एक सपाट आणि एक चुरगळलेला कागद, आणि मैदान.

ऋतूंना सोडून जे विषय येतात, त्यांनाही मी एकच कसोटी लावते: हे मुलाच्या हातात देता येईल का? “वाहने” म्हटले की चित्रांची यादी होते. “चाके” म्हटले की फळी, विटा, रिकामी रिळे, झाकणे, खोकी निघतात आणि उतार किती केला की गाडी किती लांब जाते हे मुले दोरीने मोजू लागतात. “आपले घर” पेक्षा “कड्या, कुलपे आणि किल्ल्या” घ्या. एका फळीवर चार-पाच प्रकारच्या कड्या, बोल्ट आणि जुनी कुलपे ठोकून दिली तर दोन आठवडे ती फळी रिकामी राहत नाही. डायनोसॉर आणि अंतराळ मुलांना आवडतात, त्यांना गोष्टींच्या कोपऱ्यात मानाची जागा द्या, पण महिनाभराचा विषय त्यांचा करू नका. तिथे मूल बघू शकत नाही, फक्त ऐकू शकते.

भिंतींबद्दल थोडे. २०१४ मध्ये ॲना फिशर, कॅरी गॉडविन आणि हॉवर्ड सेल्टमन या संशोधकांनी बालवर्गातल्या २४ मुलांना, म्हणजे बरोबर तुमच्या वर्गाइतक्याच, काही धडे भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही उघड्या भिंतींच्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचा सुमारे ३९ टक्के वेळ लक्ष भरकटण्यात गेला, साध्या खोलीत सुमारे २८ टक्के. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे अनुक्रमे ४२ आणि ५५ टक्के. अभ्यास लहान आहे, पण मी माझ्या भिंती बघून मान डोलावली. तेव्हापासून माझ्याकडे विकतचे एकही चित्र नाही. निळ्या पट्ट्या, मुलांनी काढलेली रोपांची चित्रे, आणि निम्मी भिंत मोकळी.

आता २४ मुले. सहा-सहांचे चार गट करा आणि रोज फक्त एकच कोपरा नवा ठेवा, जिथे तुम्ही बसणार. उरलेले तीन मुलांच्या सवयीचे: माती, ठोकळे, चित्रे. चारही ठिकाणी नवे काही मांडले तर चारही ठिकाणी “ताई, ताई” होते आणि तुम्ही कुठेच धड नसता. पाण्याच्या टबाशी चारच एप्रन टांगा. खुंटीवर एप्रन नसेल तर जागा नाही, हे मुलाला न सांगता कळते आणि तुमचे दरडावणे वाचते. या सगळ्याला सलग पाऊण तास तरी हवा. वीस मिनिटांत मुले जेमतेम बाह्या वर करतात. आवरणे हा उपक्रमाचाच भाग धरा. स्पंज, छोटे सुपली-झाडू मुलांच्या हाताला येतील असे ठेवा.

एखाद्या मुलाला चिखल, गोंद, ओली माती नको वाटते. त्याला काडी द्या, चमचा द्या, दुरून बघू द्या. माझ्याकडे एक मुलगी दीड महिना काडीनेच माती उकरत होती. मग एक दिवस तिला गांडूळ दिसले आणि काडी बाजूला पडली. तिचा हात धरून मातीत घातला असता तर ती कोपऱ्यातच राहिली असती.

सुरक्षेचे काही नियम मी कधीही सैल करत नाही. बिया किराणा-धान्यातल्याच घ्या. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या, विशेषतः रंग चढवलेल्या बियांवर औषध लावलेले असू शकते. राजमा आणि घेवडा कच्चे खाल्ले तर विषबाधा होऊ शकते, म्हणून तोंडात घालायचे नाही हे रोज सांगायचे. एरंड आणि कण्हेर वर्गात आणायचेच नाहीत. नाकात, कानात जाईल असे बारीक काही असेल तर बिया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. मुलांना तेही मोजणेच आहे. पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी दिसायला सुंदर असतात, पण गिळले तर आतड्यात फुगून अडकतात, ते दाराबाहेर. टबाजवळ मोठे माणूस नेहमी हवे, पाणी काही सेंटिमीटरच असले तरी. उपक्रम संपला की टब रिकामा. बुरशी धरलेला ओला पाचोळा फेकून द्या, दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो. आणि मातीनंतर साबणाने हात.

राहता राहिले पालक. त्यांना कागद हवा असतो असे आपल्याला वाटते. खरे तर त्यांना आपले मूल दिवसभर काय करत होते ते हवे असते, आणि कागद ही त्याची एकच खूण त्यांच्या ओळखीची असते. मी आठवड्यातून एकदा दाराजवळ एक फोटो आणि त्याखाली मुलांचे बोल जसेच्या तसे लावते. “पाणी कुणीतरी पुसले” या ओळीखाली पहाऱ्यावरच्या मुलांचा फोटो होता. त्या दिवशी पालक दारात थांबून वाचत होते, आणि एका आजोबांनी मला विचारले की मग शेवटी कळले का कुणी पुसले. सुरुवातीला तक्रारी येतात, कपडे मळतात म्हणून तर नक्कीच. पहिल्या सभेत पालकांनाच बी भिजवायला आणि पेला तयार करायला बसवा, तो पेला त्यांनी घरी न्यायचा. तुम्ही सांगायची गरज राहत नाही. मूळ आले की तेच मुलाला हाक मारतात.

हे सगळे एकदम सुरू करू नका. या महिन्याला जो विषय ठरलेला आहे त्यातली एक वस्तू निवडा, तेवढीच. एक वही ठेवा आणि दिवसाच्या शेवटी तीन-चार मुलांबद्दल एकेक ओळ लिहा: काय केले, काय म्हणाले, कुठे अडकले. शुक्रवारी ती वही चाळा. ज्या मुलाच्या नावापुढे आठवडाभरात एकही ओळ नाही, सोमवारी आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा.